फ्लूक १५०७ इन्सुलेशन टेस्टर: व्यावसायिक किचनमधल्या हीटिंग एलिमेंटसाठी किती कामाचा?

फ्रायरचा स्विच टाकला की आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणारा ब्रेकर, पडतो. एलिमेंट सोडवून मल्टिमीटर लावावा तर ओहम बरोबर येतात, बॉडीशी बझरही वाजत नाही. मग थर्मोस्टॅट बदलला जातो, वायर बदलल्या जातात आणि शेवटी आरसीसीबीच खराब ठरवून त्याच्या जागी जास्त मिलिअँपिअरचा बसवला जातो किंवा तो सरळ बायपास केला जातो. हे फार धोक्याचं आहे. ओल्या फरशीवर उभं राहून स्टीलच्या मशीनला हात लावणाऱ्या माणसाचं संरक्षणच त्यात काढून घेतलं जातं. फ्लूक १५०७ हा हातात मावणारा इन्सुलेशन टेस्टर, म्हणजे वीज अडवणारा थर किती शाबूत आहे ते मोजणारा, बोलीभाषेतला ‘मेगर’, नेमका या ठिकाणी उपयोगी पडतो. म्हणून त्याचं परीक्षण इथे फक्त एलिमेंटच्या दुरुस्तीच्या अंगाने केलं आहे. मोटर आणि केबलसाठी तो कसा आहे, हा विषय वेगळा.

निर्णय आधीच सांगून टाकतो. फ्रायर, कन्व्हेक्शन ओव्हन, कॉम्बी (वाफ आणि गरम हवा दोन्हींवर चालणारा ओव्हन), बेन मारी (गरम पाण्यावर अन्न गरम ठेवणारं मशीन), स्टीमर अशी मशीन नेहमी हाताखालून जात असतील आणि क्लॅम्प मीटर (वायरभोवती जबडा लावून करंट मोजणारा) आधीपासून जवळ असेल, तर पुढची खरेदी हीच असावी. एकच मीटर घ्यायचा असेल तर मात्र हा घेऊ नये. का, ते पुढे येईलच.

मीटरमध्ये काय आहे

चाचणीसाठी ५०, १००, २५०, ५०० आणि १००० व्होल्ट डीसी असे पाच टप्पे आहेत. इन्सुलेशन ०.०१ मेगाओहमपासून १० गिगाओहमपर्यंत मोजता येतं. ६०० व्होल्टपर्यंत एसी-डीसी व्होल्टेज दिसतं. त्याशिवाय कमी ओहम मोजण्याची सोय आहे: २०० मिलिअँपिअर करंट सोडून ०.०१ ओहमपर्यंतचं रीडिंग. सोबत चाचणीचं बटण असलेला रिमोट प्रोब येतो. फ्रायरच्या मागच्या अरुंद जागेत एक हात पॅनेलचा पत्रा धरण्यात गुंतलेला असताना या प्रोबचं महत्त्व कळतं. चार एए सेल लागतात, म्हणजे चार्जर शोधत बसावं लागत नाही.

पीआय आणि डीएआर ही गुणोत्तरं (ठराविक वेळाने घेतलेल्या दोन इन्सुलेशन रीडिंगची तुलना) काढण्याची सोयही आहे. एलिमेंटसाठी ती विसरून गेलात तरी चालेल. मोठ्या मोटरच्या वाइंडिंगसाठी तिचा अर्थ लागतो. मीटर-दोन मीटरच्या नळीला दहा मिनिटं व्होल्टेज देऊन काढलेल्या आकड्यातून निर्णय होत नाही. याच मालिकेतल्या १५०३ मध्ये ५०० आणि १००० व्होल्ट हे दोनच टप्पे आहेत. फक्त एलिमेंटच तपासायचे असतील तर त्यावरही काम भागतं, कारण नव्वद टक्के वेळा हात ५०० वरच जातो. १५०७ मधला २५० चा टप्पा उपयोगी पडतो तो खूप ओलावलेल्या एलिमेंटची पहिली चाचणी हलक्या हाताने घेताना.

मल्टिमीटरला जे दिसत नाही

नळीच्या एलिमेंटची रचना डोळ्यांसमोर आणा. मधोमध निक्रोमच्या तारेचं स्प्रिंग, त्याभोवती घट्ट दाबलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड, बाहेर धातूची नळी. दोन्ही टोकांना न तापणाऱ्या जाड पिना आणि तोंडाशी सिलिकॉन, इपॉक्सी किंवा सिरॅमिक मण्याचं सील. ही पूड उष्णता चांगली नेते आणि वीज अडवते, पण हवेतला ओलावा शोषते. मशीन आठ-दहा आठवडे बंद राहिलं, सील तडकलं किंवा धुताना टर्मिनलवर पाणी गेलं की ओल टोकाकडून आत सरकते. तार शाबूत असते, म्हणून ओहम अचूक येतात. बिघाड असतो तार आणि नळी यांच्या मध्ये.

मल्टिमीटरचा बझर साधारण काही दहा ओहमच्या खालीच वाजतो. आता आकडे पाहा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेही पडू शकतो. २३० व्होल्टवर १५ मिलिअँपिअर गळायला साधारण १५ किलोओहमची वाट पुरते आणि ३० साठी पावणेआठ किलोओहमची. बझरच्या दृष्टीने हे दोन्ही आकडे ‘सर्किट तुटलेलं’ या सदरात मोडतात. मीटर मेगाओहमच्या रेंजवर नेला तरी त्याच्या आतून जेमतेम दोन-तीन व्होल्ट बाहेर पडतात. पुडीतली सूक्ष्म चीर, कार्बनची रेघ, अर्धवट ओल यांतून वीज वाहायला लागते ती खरं व्होल्टेज मिळाल्यावर. ५०० व्होल्ट लावल्याशिवाय त्या स्वतःला दाखवत नाहीत.

गळती तारेच्या कोणत्या भागातून होते यावरही बरंच अवलंबून असतं. फेजच्या टोकाजवळ पूर्ण २३० व्होल्ट असतात, न्यूट्रलच्या टोकाजवळ जवळजवळ शून्य. न्यूट्रलच्या बाजूला इन्सुलेशन गेलं असेल तर मशीन एकटं चालताना आरसीसीबी टिकतो आणि त्याच लाइनवर दुसरा मोठा लोड आला की पडतो. प्लग उलटा घातल्यावर वागणूक बदलली तर या शक्यतेचा विचार पहिल्यांदा करा. तसंच, एकाच मशीनमधले तीन-चार एलिमेंट प्रत्येकी थोडं थोडं गळत असले तर त्यांची बेरीज ब्रेकर पाडते आणि दोष कोणा एकाचा नसतो.

चाचणी घेण्याची पद्धत

मीटर कितीही चांगला असला तरी या कामात रीडिंग फसवं येण्याची कारणं तीन-चार ठरलेली आहेत, म्हणून क्रम पाळावा.

पुरवठा आयसोलेटरवर बंद करा, कुलूप लावा आणि टर्मिनलवर व्होल्टेज नाही याची खात्री करा. मीटर आधी चालू पॉइंटवर, मग टर्मिनलवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर लावा. सर्किटमध्ये ३० व्होल्टपेक्षा जास्त असेल तर १५०७ चाचणी सुरूच करत नाही आणि इशारा देतो. हे चांगलंच आहे, पण खात्री करण्याची पायरी त्याच्या भरवशावर गाळू नका.

त्यानंतर एलिमेंटची दोन्ही टोकं वायरिंगपासून सोडवा. मुख्य टर्मिनलवरून, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या (एलिमेंटची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) अलीकडून मेगर मारण्याची सवय खूप जणांना आहे. कॉन्टॅक्टर उघडा असतो, मीटरला एलिमेंट दिसतच नाही आणि शेकडो मेगाओहम पाहून माणूस निश्चिंत होतो. उलट बाजूने, कंट्रोल बोर्ड, सॉलिड स्टेट रिले (हलते भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि सर्ज अरेस्टर (व्होल्टेजचा अचानक झटका शोषणारा भाग) जोडलेले राहिले तर रीडिंग खोटं कमी येतं किंवा ५०० व्होल्टने बोर्डच जातो.

टर्मिनलचे सिरॅमिक मणी कोरड्या फडक्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलाची वाफ, मैद्याची पूड आणि ओल यांचा थर मण्यावरून वीज नेतो, आणि तो पुसल्यावर ०.४ मेगाओहमचा एलिमेंट ४० वर गेल्याचं सहज दिसू शकतं. पुसण्याआधीच्या रीडिंगवर एलिमेंट फेकू नका.

दोन्ही पिना एका तारेने एकत्र बांधा आणि तिथे एक प्रोब लावा. दुसरा प्रोब फ्लँजवर, म्हणजे एलिमेंट मशीनला बसवणाऱ्या धातूच्या चकतीवर, पण काजळी-रंग खरवडून उघड्या केलेल्या धातूवर. ५०० व्होल्टवर बटण दाबून पूर्ण एक मिनिट धरा. आकडा कुठे थांबतो याच्याइतकंच तो कसा हलतो हेही बघा. हळूहळू चढत गेला तर बहुतेक ओल आहे. खालीच थिजला तर कार्बनची वाट किंवा फुटलेली नळी. उड्या मारत राहिला तर आत कुठेतरी ठिणगी पडते आहे. बटण सोडल्यावर मीटर साठलेला चार्ज स्वतः उतरवतो. तो उतरून आकडा शून्यावर येईपर्यंत प्रोब काढू नका.

१००० व्होल्टचा टप्पा २३० व्होल्टच्या जुन्या, ओलसर एलिमेंटवर लावू नये. वाळवून वाचला असता असा एलिमेंट त्यात कायमचा फुटतो.

आकड्याचा अर्थ

नवा, कोरडा, थंड एलिमेंट शेकडो मेगाओहम दाखवतो. वापरातल्या एलिमेंटसाठी ब्रिटनमधल्या आयईटी या अभियंत्यांच्या संस्थेच्या चाचणीसंहितेत क्लास-१ (धातूची बॉडी अर्थला जोडलेल्या) उपकरणांना १ मेगाओहम आणि ३ किलोवॅट व त्यावरील तापवणाऱ्या उपकरणांना ०.३ मेगाओहम अशी किमान मर्यादा धरली आहे. माझ्या मते ही तळाची रेघ आहे, समाधान मानायची जागा नव्हे. १० च्या वर असेल तर जोडा आणि विसरा. १ ते १० च्या मध्ये असेल तर जोडा, पण आकडा आणि तारीख मशीनच्या दाराच्या आत लिहून ठेवा. १ च्या खाली असेल तर वाळवल्याशिवाय जोडू नका. वाळवूनही ०.३ च्या खाली राहिला तर तो संपला.

वाळवण्यासाठी एलिमेंट काढून दुसऱ्या चालू ओव्हनमध्ये १२० ते १५० अंशांवर काही तास ठेवा. सील रबरासारखं असेल तर याहून वर जाऊ नका. थंड झाल्यावर पुन्हा मेगर. आकडा वर आला तरच टोकं नव्याने सील करा. ओल आत असताना सील केलं तर ती आतच कोंडते आणि पहिल्या तापण्यात वाफ होऊन सील फोडते. वाळवलेला एलिमेंट थोड्याच दिवसांत पुन्हा खाली आला तर ओल टोकातून येत नाही, नळीलाच भेग आहे.

ती भेग शोधायची पद्धत सोपी आहे. तापणारा भाग स्टीलच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवा, टर्मिनल पाण्याच्या बरेच वर आणि कोरडे ठेवा. पिना आणि भांडं यांच्यामध्ये ५०० व्होल्ट लावा आणि दर पाच मिनिटांनी आकडा बघा. शाबूत नळीचा आकडा जागचा हलत नाही. भेग असलेल्या नळीचा तासाभरात कोसळतो. चाचणी चालू असताना पाण्यात हात घालू नका.

आणखी एक त्रासदायक प्रकार: थंडपणी सगळं ठीक आणि वीस मिनिटांनी ट्रिप. मॅग्नेशियम ऑक्साइडचं इन्सुलेशन तापल्यावर स्वभावतःच घसरतं. निरोगी एलिमेंटचंही घसरतं, म्हणून गरम रीडिंगची तुलना थंडच्या आकड्याशी करू नका. मशीन तापवा, पुरवठा तोडा आणि लगेच सगळे एलिमेंट एकामागोमाग एक मेगर करा. चारपैकी तीन एका पातळीवर आणि चौथा त्यांच्या दशांशावर असेल तर गुन्हेगार सापडला. या कामात रिमोट प्रोबमुळे गती येते, कारण गरम नळीजवळ हात जेवढा कमी वेळ राहील तेवढं बरं.

कमी ओहमची रेंज

या मीटरचं कौतुक इन्सुलेशनसाठी होतं. एलिमेंटच्या कामात त्याची कमी ओहमची रेंजही तितकीच मोलाची आहे. प्रोबची टोकं एकमेकांना लावून त्यांचा स्वतःचा रोध शून्य करून घेता येतो. साध्या मल्टिमीटरच्या वायर ०.३-०.५ ओहम खातात आणि मोठ्या एलिमेंटवर तेवढी चूक निर्णय बदलते.

हिशेब असा: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवर १ किलोवॅटला ५२.९ ओहम, २ ला २६.५, ३ ला १७.६, ४.५ ला ११.८ आणि ६ किलोवॅटला ८.८ ओहम. निक्रोमचा रोध तापल्यावर जेमतेम काही टक्के वाढतो, त्यामुळे थंड रीडिंगवर विसंबता येतं. तापवणाऱ्या उपकरणांच्या नामपट्टीवरच्या वॅटमध्ये अधिक ५ ते उणे १० टक्के फरक मान्य असतो. म्हणजे ३ किलोवॅटचा एलिमेंट १६.८ ते १९.६ ओहमच्या दरम्यान असला तर तक्रारीला जागा नाही.

आकडा अनंत आला तर तार तुटलेली, हे उघड आहे. मोजण्याआधी एक टोक सुटं केलेलं असावं, नाहीतर शेजारचा समांतर एलिमेंट तुटलेल्याला झाकतो. रीडिंग प्रोब हलवल्यावर बदलत असेल तर तार पिनेशी जोडलेल्या ठिकाणी सुटू पाहते आहे. असा एलिमेंट आज चालतो, उद्या चालत नाही.

तीन फेजच्या मशीनमध्ये ही रेंज काही सोडवल्याशिवाय बरंच सांगून जाते. ४०० व्होल्टवर डेल्टामध्ये (प्रत्येक एलिमेंट दोन फेजच्या मध्ये) जोडलेले ३-३ किलोवॅटचे तीन एलिमेंट घ्या, प्रत्येक ५३.३ ओहमचा. कॉन्टॅक्टरच्या पलीकडे, एलिमेंटच्या बाजूला, कोणत्याही दोन लाइनमध्ये साधारण ३५.५ ओहम यायला हवेत. एक एलिमेंट तुटला की एका जोडीत १०६.७ आणि उरलेल्या दोन जोड्यांत ५३.३ येतात. ज्या जोडीत १०६.७ आले तिच्यामधला एलिमेंट गेला. स्टारमध्ये (तिघांचं एक-एक टोक एकत्र बांधलेलं) १७.६ ओहमचे तीन असतील तर प्रत्येक जोडीत ३५.३ येतात आणि एक तुटला की ज्या लाइनवर तो आहे तिच्यासोबत काहीच येत नाही.

नवा एलिमेंट बसवताना स्टार-डेल्टाचा घोळ सर्रास होतो. २३० व्होल्टचा एलिमेंट ४०० च्या डेल्टात गेला की तिप्पट वॅट खेचतो: ३ किलोवॅटचा ९ किलोवॅट. काही मिनिटांत नळी लाल होऊन वाकते. उलट, ४०० चा एलिमेंट स्टारमध्ये गेला की एक तृतीयांश ताकद उरते आणि तेल तापायला अर्धी दुपार लागते. नळीवर ठोकलेलं व्होल्टेज वाचल्याशिवाय जोडणीच्या पट्ट्या बदलू नका.

जिथे हा मीटर तोकडा पडतो

१५०७ करंट मोजत नाही. एलिमेंटच्या कामात ही मोठी उणीव आहे, कारण ‘तापत नाही’ किंवा ‘हळू तापतं’ या तक्रारींचं उत्तर चालू मशीनवरच्या अँपिअरमध्ये असतं. याच धाटणीच्या १५८७ एफसीमध्ये पूर्ण मल्टिमीटर आहे, पण एलिमेंटचे १३ किंवा २६ अँपिअर मोजायला क्लॅम्प लागतोच. म्हणून १५०७ आणि एक चांगला ट्रू आरएमएस क्लॅम्प ही जोडी मला जास्त पटते. किचनची बसवलेली मशीन तपासायला दोन्हींवर किमान कॅट-३ चा (इमारतीच्या वायरिंगवर वापरायच्या मीटरच्या सुरक्षा दर्जाचा) शिक्का असावा.

क्लॅम्पला काय दिसतं ते वरच्याच उदाहरणावर पाहा. ९ किलोवॅटच्या मशीनमध्ये तिन्ही लाइनवर १३-१३ अँपिअर हवेत. डेल्टातला एक एलिमेंट तुटला की दोन लाइन ७.५ वर येतात, तिसरी १३ वरच राहते आणि मशीन ६ किलोवॅट देतं. न्यूट्रल नसलेल्या स्टारमध्ये एक तुटला की उरलेले दोन एका ओळीत येतात, ११.३ अँपिअर दोन लाइनवर, तिसरी शून्य, ताकद निम्मी. आणि डेल्टात एलिमेंट सगळे शाबूत असून एक फेजच गेला असेल तरीही ताकद निम्मी होते. ही दोन कारणं वेगळी काढायला आधी येणारं व्होल्टेज मोजा, मगच टूल बॉक्स उघडा. व्होल्टेज कमी असेल तर तक्रार एलिमेंटची नाहीच: २३० च्या जागी २०० व्होल्ट आले तर एलिमेंट तीन चतुर्थांश वॅटच देतो.

गळतीसाठीचा मिलिअँपिअर क्लॅम्प हे याच्या पुढचं साधन. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घेतले की चालू, गरम मशीनची खरी गळती दिसते आणि एलिमेंट एक एक करून सोडवत गेलं की आकडा कोणाबरोबर खाली आला ते कळतं. रोज हेच काम असणाऱ्यांनी तो घ्यावा. इतरांना गरम असताना मेगर मारूनही उत्तर मिळतं.

कॉन्टॅक्टरचे झिजलेले पॉइंटही १५०७ च्या कमी ओहमवर धड पकडता येत नाहीत. त्यांचं सोंग लोड असतानाच उघडं पडतं. मशीन चालू असताना बंद झालेल्या पॉइंटच्या दोन टोकांत व्होल्टेज मोजा. निरोगी पॉइंटवर मिलिव्होल्टच दिसतात. १ व्होल्ट पडत असेल तर १३ अँपिअरला तिथे १३ वॅट उष्णता तयार होते आणि प्लास्टिक तपकिरी पडायला लागतं. तोच पॉइंट चिकटला तर फ्रायर थर्मोस्टॅटचं ऐकत नाही. मग तेल वाचवतो तो फक्त हाय-लिमिट, साधारण २३० अंशांच्या आसपास तुटणारा सुरक्षा स्विच. हाय-लिमिट वारंवार पडतो म्हणून त्याला वायरने जोडून टाकणं हे आगीला बोलावणं आहे. सॉलिड स्टेट रिले बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊनच बिघडतो, हेही लक्षात असू द्या.

चांगला निघालेला एलिमेंट आणि जळालेलं टोक

‘एलिमेंट गेला’ म्हणून आलेल्या कितीतरी मशीनमध्ये नळी शाबूत आणि टर्मिनल कोळसा झालेलं असतं. कारण बहुतेक वेळा आधीच्या दुरुस्तीत सापडतं: टिनचा मुलामा असलेली साधी थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), पीव्हीसी वायर आणि सैल नट. एलिमेंटजवळ सिलिकॉनची (१८० अंशांपर्यंतची) किंवा त्याहून जास्त ताप असेल तिथे ग्लासफायबर-मायकाची वायर हवी. थिंबल निकेलचा मुलामा असलेली, क्रिम्प केलेली. तिला सोल्डर लावू नका, तो तापून वाहून जातो. नट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरा. पिन फिरली की सील तडकतं, आणि वर सांगितलेली ओलाव्याची सगळी कहाणी तिथूनच सुरू होते. काळी पडलेली वायर उजळ तांबं दिसेपर्यंत मागे कापा. काळ्या तारेवर नवी थिंबल दाबली तर ती पुन्हा जळते.

टोक तपासायला लेझरचा थर्मामीटर वापरत असाल तर चकचकीत स्टील आणि निकेलवर तो खूप कमी तापमान दाखवतो. काळी, उष्णता सोसणारी टेप लावून त्यावर मोजा.

मेलेला का मेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका

मीटर ‘काय’ ते सांगतो. ‘का’ हे नळी पाहून कळतं. स्टीमर, बेन मारी आणि कॉम्बीच्या बॉयलरमध्ये पांढरा क्षार असेल तर तो उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, आतली तार तापत राहते आणि नळी फुगून फुटते. क्षार नियमित काढणं आणि येणारं पाणी मृदू करणं याला दुसरा उपाय नाही. हातोडीने क्षार ठोकून काढू नका, पूड सैल होते.

फ्रायरमध्ये निळसर-काळी पडून वाकलेली नळी म्हणजे तेल पातळीच्या खाली गेलेलं असताना चालू राहिलेला एलिमेंट. घट्ट तूप-वनस्पती भरून सरळ पूर्ण ताकदीने तापवलं तरी तेच होतं, कारण नळीभोवती वितळलेला पोकळ खड्डा तयार होतो. मेल्ट सायकल (तूप आधी हळूहळू वितळवण्याची सोय) असेल तर ती वापरावी. कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये लागोपाठ दोन एलिमेंट गेले तर तिसरा बसवण्याआधी पंख्याची मोटर, तिचा कपॅसिटर आणि फिरण्याची दिशा बघा. हवा फिरत नसेल तर एलिमेंट स्वतःच्याच उष्णतेत मरतो. नळीवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर मीठ आणि क्लोराइडची करामत. अशा ठिकाणी ३०४ स्टीलची नळी पुन्हा घालून उपयोग नाही; साधारण ३२ टक्के निकेल असलेल्या इनकोलॉय ८०० या मिश्रधातूची घ्या.

बदली एलिमेंट घेताना वॅट-व्होल्ट आणि आकार जुळला की झालं असं समजू नका. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला किती वॅट पडतात हा आकडा तेलात निर्णायक ठरतो. ८ मिलिमीटर जाडीची, तापणारी लांबी २.४ मीटर असलेली ३ किलोवॅटची नळी साधारण ५ वॅट देते. तेवढ्याच ताकदीची आखूड नळी स्वस्त पडते, पण तिच्या पृष्ठभागावर तेल करपतं, त्या कार्बनचा थर बसतो आणि दोघांचंही आयुष्य घटतं. पाण्याचा एलिमेंट म्हणूनच तेलात चालत नाही. न तापणाऱ्या टोकाची लांबीही मूळच्या इतकीच असावी, नाहीतर तापणारा भाग तेलाच्या वर किंवा फ्लँजच्या गॅस्केटजवळ येतो. थर्मोस्टॅटचा बल्ब जुन्या जागी, जुन्या अंतरावर क्लिपमध्ये बसवा.

नवा एलिमेंट बसवण्याआधीही मेगर मारा. गोदामात वर्षभर पडलेला ‘नवा’ एलिमेंट २ मेगाओहम दाखवत असेल तर तो आधी वाळवा. बसवून झाल्यावर बॉडी आणि अर्थ पिन यांच्यातला रोध याच मीटरच्या कमी ओहमवर पाहा, तो ०.१ ओहमच्या आसपास, लांब वायर असेल तर थोडा वर हवा. मग फ्रायरमध्ये किमान रेघेच्या वर तेल भरून चालू करा, प्रत्येक लाइनचे अँपिअर क्लॅम्पवर टिपा आणि थर्मोस्टॅट पहिल्यांदा कट होईपर्यंत मशीनजवळून हलू नका.